वाळूतली सोसायटी

कॅलिफोर्नियात हायवे ९९ वर, मर्सेड आणि टरलॉकच्या मध्ये, लिव्हिंग्स्टन नावाचं एक छोटं गाव आहे. बदामाच्या बागा, रताळ्यांची शेतं, कोंबड्यांचा मोठा प्लांट, आणि आता मेक्सिकन आणि पंजाबी लोकांची भरपूर वस्ती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून मर्सेडमार्गे योसेमिटीला जाणारे आपले लोक याच्या बाजूनेच जातात, फार तर गॅस भरायला थांबतात आणि पुढे निघतात. मीही तेच करायचे. पण याच गावाला लागून यामातो कॉलनी नावाची शेतकऱ्यांची वसाहत होती, जपानहून आलेल्या लोकांनी १९०६ पासून उभी केलेली, आणि तिच्याबद्दल वाचायला लागल्यापासून ती डोक्यातून जात नाहीये. हे लोक माझे कोणी नव्हेत. पण परक्या देशात घर केलेल्या माणसाला रात्री जे प्रश्न पडतात ना, आपण इथले कधी होणार, आपलं आपलं म्हणून इथे काय टिकणार, ते सगळे प्रश्न या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी जमिनीवर, खऱ्या जमिनीवर, सोडवायचा प्रयत्न केला होता.

सुरुवात एका पेपरवाल्यापासून होते. आबिको क्यूतारो. जन्म १८६५ चा, जपानच्या निगाता भागातला, १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला, ख्रिश्चन झालेला, आणि पुढे ‘निचिबेई शिंबुन’ नावाचं जपानी भाषेतलं वर्तमानपत्र चालवणारा. त्या काळी जपानहून येणारे बहुतेक पुरुष एकटे यायचे, रेल्वेत, शेतात, लाकूडकामात मजुरी करायची, पैसे साठवायचे आणि परत जायचं हा बेत. तो बेत क्वचितच जमायचा. मजुरांच्या तळावर जुगार, दारू, या पिकावरून त्या पिकावर भटकणं, आणि वर्षं निघून जायची. आबिकोचं म्हणणं होतं की परत जायचं डोक्यातून काढा. जमीन घ्या, बायकोमुलं आणा, इथलेच व्हा. तुम्ही पाहुण्यासारखे राहिलात तर लोक पाहुण्यासारखंच वागवतील, आणि पाहुणा नकोसा झाला की दार दाखवतात. हे तो नुसतं पेपरात लिहून थांबला नाही, त्याने जमीन विकत घेणारी कंपनी काढली आणि लिव्हिंग्स्टनजवळ सुमारे ३,२०० एकर जमीन घेतली, ४०-४० एकरांचे तुकडे पाडले आणि स्वतःच्या पेपरातून आपल्या माणसांना विकायला काढले.

साल बघा, १९०६. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झालेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या शहराच्या शाळा बोर्डाने ठरवलं की जपानी मुलांनी गोऱ्या मुलांबरोबर बसायचं नाही, वेगळ्या शाळेत जायचं. मोजकी मुलं होती हो सगळ्या शहरात, पण प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेलं आणि त्यातूनच पुढे दोन सरकारांमध्ये समझोता झाला की जपान मजुरांना पासपोर्ट देणार नाही. म्हणजे ज्या वर्षी शहरात दारं बंद व्हायला लागली होती त्याच वर्षी हा माणूस सांगत होता की इथेच राहा, इथेच झाडं लावा. मला त्याचं हे धाडस फार मोठं वाटतं. यात त्याचा धंदाही होता हे मान्य, जमीन विकणारी कंपनी त्याचीच होती, पण धंद्यासाठी याहून सोप्या गोष्टी त्याला करता आल्या असत्या.

आता ती जमीन. आज तिथली हिरवीगार बाग बघितली तर पटणार नाही, पण तेव्हा ती उघडी, रेताड, वाऱ्याची. सेंट्रल व्हॅलीत उन्हाळ्यात पाऊस नसतोच, जे काही आहे ते कॅनॉलच्या पाण्यावर, आणि वारा सुटला की वाळू उडून कोवळी रोपं झोडपून निघायची, मुळं उघडी पडायची, उरलेली ससे खायचे. आधी आलेल्यांना हेच सगळं साफ करायचं होतं, सपाट करायचं होतं, पाट काढायचे होते. द्राक्षाचा वेल काय किंवा पीचचं झाड काय, लावलं की लगेच पैसा देत नाही, तीन-चार वर्षं नुसतं द्यायचं आणि वाट बघायची. मग झाडांच्या ओळींमध्ये भाजी, रताळी असलं काहीतरी घ्यायचं आणि त्यावर घर चालवायचं. रताळ्याच्या शेतीत त्या भागात अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज आधीपासून मुरलेले होते, म्हणजे हे जे काही कॅलिफोर्नियाचं शेत म्हणून आपण बघतो ते असं कोण-कोण कुठून-कुठून आलेल्यांनी रचलेलं आहे, आणि त्याच्याही आधी योकुट्स या मूळ रहिवाशांची ती भूमी होती, हे विसरून चालत नाही.

त्यात भर म्हणून आबिकोची बँक बुडाली. १९०७ ला अमेरिकेत आर्थिक संकट आलं, त्यानंतरच्या पडझडीत जपानी लोकांच्या अनेक छोट्या बँका गेल्या आणि त्याच्या आर्थिक संस्थाही त्यातून वाचल्या नाहीत. ज्याच्या शब्दावर या लोकांनी वाळूत पैसे घातले होते त्याचाच आधार गेला. इथे कॉलनी मोडायला हवी होती. पण जे राहिले ते आता आबिकोच्या भरवशावर राहिलेच नाहीत, ते एकमेकांच्या भरवशावर राहिले, आणि मला वाटतं खरं गाव इथे सुरू झालं.

१९१४ मध्ये त्यांनी सहकारी सोसायटी काढली. आपल्याकडे सोसायटी म्हटलं की लगेच निवडणूक, पॅनल, कोण चेअरमन, थकबाकी हेच आठवतं. माझे आजोबा गावच्या सोसायटीचे सचिव होते, संध्याकाळी कंदिलापाशी खतावणी घेऊन बसायचे, तेव्हा हे काय रटाळ काम असं वाटायचं. यामातोच्या सोसायटीचं काम असंच रटाळ होतं. खत एकत्र घ्यायचं, पेट्यांचं लाकूड एकत्र घ्यायचं, माल एका शेडमध्ये आणून पॅक करायचा, आणि एकत्रच विकायचा. हे किती महत्त्वाचं होतं ते ताज्या फळांचा धंदा ज्याला माहितीये त्यालाच कळेल. पीच तोडलं की त्याचं आयुष्य दिवसांत मोजायचं. मोठी बाजारपेठ हजारो मैल लांब, पूर्वेला, तिथे माल बर्फ भरलेल्या रेल्वे डब्यांतून जायचा, आणि एकट्या शेतकऱ्याकडे डबाभर माल नसतो. त्यामुळे दलालाकडे जायचं, तो म्हणेल तो भाव, आणि माल पोचेपर्यंत सडला असं तारेने कळवलं तर तपासायला कोण जाणार? भाषा येत नाही, कोर्टात ऐकून घेतलं जाईल याची खात्री नाही. सगळ्यांचा माल एकत्र आला की डबा भरतो, डबा भरला की बोलता येतं. इतकी साधी गोष्ट आहे ही.

या सोसायटीत भांडणं झाली नाहीत असं अजिबात नाही. एकाच्या दोन संस्था झाल्या, दोन्ही शेजारी-शेजारी कितीतरी वर्षं चालल्या, आणि युद्धानंतर १९५० च्या दशकात एकत्र येऊन लिव्हिंग्स्टन फार्मर्स असोसिएशन झाली. मला उलट हे वाचून बरं वाटलं. माणसं गुण्यागोविंदाने राहत असतील तर सहकार कोणीही चालवेल. पटत नसलेल्या माणसांनी वेगळं होऊनसुद्धा सहकारच निवडला, पुन्हा दलालाच्या दारात गेले नाहीत, याला जास्त किंमत आहे.

दुसऱ्या बाजूला, बाहेरच्यांशी कसं वागायचं याचंही कॉलनीने धोरण ठरवलं होतं. आबिको पेपरवाला असल्यामुळे त्याला गोऱ्या समाजाचा राग नीट माहीत होता. त्यामुळे लिव्हिंग्स्टनच्या बाजारपेठेत जपानी दुकानं काढायची नाहीत, किराणा असो की हार्डवेअर, सगळं गावातल्या दुकानदारांकडूनच घ्यायचं, म्हणजे आपण त्यांचे गिऱ्हाईक होऊ, स्पर्धक नाही. बहुतेक जण ख्रिश्चन, स्वतःचं मेथडिस्ट चर्च बांधलेलं. मुलं गावच्या शाळेत. स्वच्छ राहायचं, वेळेवर पैसे चुकवायचे, कोणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही. इतर ठिकाणी जपानी लोकांविरुद्ध जे चाललं होतं त्या मानाने लिव्हिंग्स्टनमध्ये बराच काळ बरं चाललं, हेही खरं आहे. गावात त्यांना मित्र होते.

आणि तरी १९२० च्या आसपास त्याच लिव्हिंग्स्टनमध्ये मोठी पाटी लागली, ‘आणखी जपानी इथे नकोत’. त्या पाटीचा फोटो आहे. मी तो बराच वेळ बघत बसले होते. जे आधीचे आहेत ते चालतील, आणखी नकोत, असा त्याचा सूर. म्हणजे इतकी वर्षं नीट वागून मिळालं काय तर एवढी सवलत की तुम्ही शेवटचे. हे वाचताना मला आमच्या पहिल्या वर्षांत मिळालेले सल्ले आठवले, मोठ्याने बोलू नका, घरात फोडणीचा वास राहू देऊ नका, लोकांना हसून बघा, तक्रार करू नका. सल्ले प्रेमाने दिलेले असतात. मीही नव्याने येणाऱ्यांना हेच सांगत आलेय. त्यातलं वागणं वाईट नाहीच, शेजाऱ्याशी चांगलंच वागावं. पण त्या वागण्याच्या बदल्यात सुरक्षितता मिळेल असा जो अलिखित करार आपण मनात धरतो, तो समोरच्याने कधी सहीच केलेला नसतो. यामातोच्या लोकांकडून मी हे शिकले आणि ते शिकणं मला सोपं गेलं नाही.

कायद्याचं तर वेगळंच. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने परकीय जमीन कायदा केला. त्यात कुठे जपानी असा शब्द नाही. ज्या परकीयांना नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन घ्यायची नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त खंडाने करायची नाही, एवढंच. आणि नागरिक कोणाला होता येत नाही? तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे गोरे किंवा आफ्रिकन वंशाचे नसाल तर नाही. झालं. १९२० मध्ये मतदारांनी तो आणखी कडक केला, खंडाने करायलाही बंदी. आपल्या लोकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूसही गोरा धरता येणार नाही, आणि त्या दिवसापासून हाच जमीन कायदा याच व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांवरही चालायला लागला. आज लिव्हिंग्स्टनमध्ये पंजाबी कुटुंबं बदामाच्या बागा करतात, त्या रस्त्यावरून जाताना हे माहीत असावं.

यामातोच्या लोकांची बरीचशी जमीन १९१३ च्या आधी घेतलेली होती. कायदा मागे जाऊन लागला नाही, म्हणून ती राहिली. जवळच कॉर्टेझ नावाची दुसरी वसाहत आबिकोनेच १९१९ मध्ये वसवायला घेतली, तिथल्यांना मात्र इथे जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर किंवा कंपन्यांच्या नावावर जमीन घ्यावी लागली. पाळण्यातल्या मुलाच्या नावावर सातबारा, बाप कायद्याने त्याच्या शेतातला गडी. कॉर्टेझवाल्यांनी १९२४ मध्ये स्वतःची ग्रोअर्स असोसिएशन काढली. क्रेसी नावाची तिसरी वसाहतही या दोन्हींच्या जवळच. तिघांचं मिळून एक जग.

मग ७ डिसेंबर १९४१, जपानचा पर्ल हार्बरवर हल्ला. समाजातल्या पुढाऱ्यांना, म्हणजे जपानी शाळेचा शिक्षक, संघटनेचा सेक्रेटरी अशा लोकांना एफबीआयने उचलायला सुरुवात केली. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्षांचा आदेश क्रमांक ९०६६ निघाला आणि वसंतापर्यंत स्पष्ट झालं की पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना उचलणार, नागरिक असोत नसोत, म्हातारे असोत की तान्ही बाळं. एकूण १,२०,००० च्या वर माणसं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक. हातात मावेल तेवढं सामान. काही दिवसांची मुदत. ठिकठिकाणी लोकांनी ट्रॅक्टर, फ्रीज, पियानो मिळेल त्या भावाला फुंकले, पिकं उभी सोडली, जमिनी हातच्या गेल्या.

लिव्हिंग्स्टन, क्रेसी आणि कॉर्टेझच्या लोकांनी काय केलं, तर मीटिंग घेतली. मला या कथेतला हाच भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. घराघरात काय बांधायचं आणि काय टाकायचं याची रड चालू असताना ही माणसं एकत्र बसली आणि ठरवलं की प्रत्येकाने आपापली जमीन वेगळी विकायची नाही, वेगळी खंडाने द्यायची नाही, सगळ्यांच्या बागा मिळून एका मॅनेजरच्या हातात द्यायच्या, आणि त्याच्यावर देखरेख ठेवायला स्थानिक लोकांचं एक मंडळ. मॉम्बर्ग आडनावाच्या एका गोऱ्या माणसाला नेमलं, त्याला मुखत्यारपत्रं करून दिली, त्याने कसणारी कुळं शोधायची, माल विकायचा, कर भरायचे, आणि राहील ते ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा करायचं.

हे ऐनवेळी सुचलं असं मला वाटत नाही. त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं ते एकत्र विकत होते, एकमेकांच्या पेट्या मोजत होते, कोणाचा माल कसा आहे, कोण हिशेबाला पक्का आणि कोण उधार ठेवतो हे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. सभा कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, पटलं नाही तरी बहुमत कसं मानायचं, हे अंगवळणी पडलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावाला तेवढ्या दिवसांत इतक्या कुटुंबांच्या सह्या एका कागदावर आणता आल्या असत्या का? आजोबांच्या त्या रटाळ खतावणीबद्दल माझं मत हे वाचल्यावर बदललं.

मे १९४२ मध्ये त्यांना मर्सेडच्या जत्रेच्या मैदानावर नेलं, काउंटी फेअरग्राउंड, जिथे ते आपली फळं आणि जनावरं बघायला-दाखवायला जायचे तेच. साडेचार हजारांहून जास्त माणसं तिथे तात्पुरत्या बराकीत. घर काही मैलांवर, फळं पिकायला आलेली, आणि कुंपणाबाहेर जाता येत नाही. सप्टेंबरपर्यंत त्यांना रेल्वेने कोलोरॅडोच्या पूर्वेला ग्रनाडाजवळ अमाची नावाच्या छावणीत हलवलं. ओसाड, कोरडा, धुळीच्या वादळांचा भाग. दहा मोठ्या छावण्यांमधली ही सगळ्यात लहान, जास्तीत जास्त ७,३१८ लोक होते. अमाची हे नाव शायेन या मूळनिवासी जमातीतल्या एका स्त्रीचं, तिच्या वडिलांना १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने सँड क्रीकच्या कत्तलीत मारलं होतं, ती जागाही तिथून फार लांब नाही. जमिनीवरून हुसकावलेल्या लोकांना ठेवायला निवडलेल्या जागेला हुसकावलेल्याच लोकांतलं नाव.

वाळूत बागा केलेल्या लोकांनी तिथेही शेती केली. छावणीची भाजी पिकवली, ती एवढी झाली की दुसऱ्या छावण्यांना पाठवली. आणि छावणीतली दुकानंसुद्धा को-ऑप म्हणून चालत होती, बराकीत राहणारे लोकच सभासद, वर्षाकाठी नफ्याचं वाटप. काटेरी तारेच्या आत वार्षिक सभा. याच बराकींमधून तरुण मुलं अमेरिकन सैन्यात गेली, जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून इटली आणि फ्रान्समध्ये लढली, काही परत आली नाहीत.

१९४५ मध्ये परत यायची परवानगी मिळाली. परतणाऱ्यांचं स्वागत सेंट्रल व्हॅलीत अनेक ठिकाणी गोळ्यांनी झालं, रात्री गाडीतून येऊन घरावर गोळ्या झाडायच्या आणि पळून जायचं. कित्येकांना परत जायला जागाच उरली नव्हती, म्हणून ते शिकागोला गेले, डेन्व्हरला गेले, ट्रेलर पार्कमध्ये राहिले. पण यामातो, क्रेसी, कॉर्टेझच्या लोकांकडे जमिनी होत्या. कुळांची मुदत संपेपर्यंत काही जण हॉलमध्ये, चर्चमध्ये, शाळेत पडद्यांच्या आडोशाने राहिले, मग एकेक करून आपल्या घरात गेले आणि छाटणीला लागले.

इथे मी सावध होते, कारण ही गोष्ट फार गोड करून सांगता येते. त्यांचं नशीबही होतं. जमीन मालकीची होती, खंडाने करणाऱ्यांकडे वाचवायला काहीच नव्हतं, आणि कॅलिफोर्नियातले बहुतेक जपानी शेतकरी खंडानेच करत होते. १९१३ च्या आधी घेतली होती. नेमलेला माणूस विश्वासाचा निघाला, तो तसा निघाला नसता तर सगळी सहकारी शहाणपणाची खाती कागदावर राहिली असती. आणि जमीन वाचली म्हणून तीन वर्षं वाचली नाहीत. छावणीत वारलेले म्हातारे, तिथे संपलेलं शिक्षण, ते कुठल्या खात्यावर जमा होत नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर्स द्यायचा कायदा केला, तोपर्यंत पहिल्या पिढीतले जवळजवळ सगळे गेलेले होते. मर्सेडच्या फेअरग्राउंडवर आता स्मारक आहे, बॅगांचा ढीग आणि त्यावर बसलेली एक लहान मुलगी. तिथे जत्रा भरते तेव्हा लोक तिच्या बाजूने आत जातात.

आबिको हे बघायला नव्हता, तो १९३६ मध्येच गेला. त्याने लोकांना सांगितलं होतं की जमिनीला चिकटा म्हणजे तुम्ही इथले व्हाल. लोकांनी ते ऐकलं, पण कायद्याने इथलं व्हायला १९५२ उजाडलं. त्या वर्षी वंशाची अट निघाली आणि जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला नागरिकत्वाचा अर्ज करता आला. कायद्यात म्हाताऱ्यांसाठी एक सोय होती, पन्नाशीच्या वरचे आणि वीस वर्षं इथे राहिलेले असतील तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने परकीय जमीन कायदा घटनेविरुद्ध ठरवला, आणि १९५६ मध्ये मतदारांनीच तो पुस्तकातून काढून टाकला. पंचविशीत १९०६ ला लिव्हिंग्स्टनच्या वाळूत पाऊल ठेवलेला माणूस १९५२ ला ७१ वर्षांचा होता. त्याच्या द्राक्षवेलींना तोपर्यंत चाळीसेक वर्षं झालेली, त्याची नातवंडं गावच्या शाळेत, सोसायटीच्या खात्यावर त्याचं नाव १९१४ पासून, आणि आता कुठे त्याला हात वर करून शपथ घ्यायला उभं राहता येणार होतं.